रुखवतातली तलवार

तलवार फुटली आणि ताईचं लग्न झालं.

यातलं पहिलं झालंच नाही असं समजून पुढे वाचावं. मीही तसंच समजून सांगतो. तलवार शाबूत आहे, नवव्या पातळीवर आहे, तिच्या पात्यातून निळसर धूर निघतोय, आणि कऱ्हाडच्या आमच्या घरात सुमनमावशी कमरेवर हात ठेवून टीव्हीच्या आड उभी आहे.

"शर्वरी, तुझ्या हातचं काय काय आहे ते सांग. मला रुखवत मांडायचंय."

"मावशी, जरा बाजूला हो. मी मरतेय."

मावशी दचकून बाजूला झाली. ताई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिच्या हातात एक कंट्रोलर, माझ्या हातात दुसरा. टीव्हीचा पडदा उभा दोन भागांत वाटलेला. डावा भाग ताईचा, उजवा माझा. डाव्या भागात ताई एका दगडी राक्षसाच्या पायात घुसून त्याला कापत होती. उजव्या भागात मी सुरक्षित अंतरावर उभा राहून तिच्या दिशेने औषधाच्या बाटल्या फेकत होतो. माझं नाव धैर्यशील आहे. ते ठेवताना कुणी मला विचारलं नव्हतं.

राक्षस कोसळला. ताईने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"माझ्या हातचं म्हणजे?"

"भरतकाम, विणकाम, मण्यांचं तोरण. काहीतरी केलं असशील की चार वर्षांत."

"तलवार केलीय."

"कसली?"

"मोठी. दोन हातांनी धरायची. नवव्या पातळीची."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्या गेमचं इंग्रजी नाव लांबलचक होतं आणि त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कधी लागला नाही. घरात आम्ही त्याला नुसतं 'राख' म्हणायचो, कारण त्यात मेलं की माणसाची राख व्हायची, आणि सुरुवातीचे काही महिने आम्ही दुसरं काहीच केलं नाही. मग ताईला गेममधल्या एका गावाच्या टोकाला बसलेला लोहार सापडला. एका डोळ्याने आंधळा, बोलायला त्याहूनही कंजूष. त्याला तलवार द्यायची, खाणीतून आणलेलं लोखंड द्यायचं आणि बटण दाबायचं. तो घणाचे तीन घाव घालायचा. जमलं तर तलवार एक पातळी वर. नाही जमलं तर लोखंड वाया. पाचव्या पातळीनंतर नाही जमलं तर तलवार एक पातळी खाली. आणि नऊवरून दहावर नेताना नाही जमलं, तर तलवार फुटायची. दहावी पातळी ही शेवटची. त्याच्यापुढे लोहार हात जोडतो आणि दुकान बंद करतो, असं ऐकून होतो. आम्ही त्याला हात जोडताना बघितलं नव्हतं.

आता कुकरचं सांगायला हवं. पहिल्यांदा ताईने बटण दाबलं, नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात आईच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि तलवार पहिल्या पातळीवर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी, कुकर लावलेला नसताना दाबलं, तर लोखंड वाया. संध्याकाळी तिसऱ्या शिट्टीला दाबलं, तलवार दुसऱ्या पातळीवर. ताई इंजिनिअर होती, म्हणून तिने ही गोष्ट आणखी एकदा तपासून पाहिली आणि मग नियमच करून टाकला. तिसरी शिट्टी झाल्याशिवाय लोहाराला हात लावायचा नाही.

त्यामुळे आमच्या घरात वरणभाताचं प्रमाण वाढलं.

"सकाळी तर वरण झालं," आई म्हणायची, "आता पिठलं टाकते."

"नको, वरणच कर," ताई म्हणायची. "धैर्याचं पोट बिघडलंय."

मी पोट धरायचो. नवव्या पातळीपर्यंत माझं पोट बरंच बिघडलं. बाबांनी मला डॉक्टरांकडेही नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, मऊ भात आणि वरण द्या.

मावशीला हे सगळं ताईने शांतपणे समजावून सांगितलं. मावशी शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे चार वर्षं खपून केलीय."

"हो."

"विकत आणलेली नाही."

"नाही."

"मग ठेवू की. त्या जोशांच्या मुलीने बाजारातून आणलेलं तोरण स्वतःच्या हातचं म्हणून लावलं होतं. त्यापेक्षा बरं." आणि ती पुट्ठा शोधायला निघून गेली.

मी ताईकडे वळलो. "मग दहावर नेऊनच ठेवू. रुखवतात नऊ बरं दिसणार नाही."

"उद्या," ताई म्हणाली.

हे 'उद्या' मला नवीन नव्हतं. खरं तर आमची सगळी तयारी झाली होती. लोखंड होतं. आणि रक्षाखडाही होता. रक्षाखडा म्हणजे आख्ख्या गेममध्ये एकच मिळणारी वस्तू. विहिरीच्या तळाशी एक राणी राहते, तिला हरवलं की मिळतो. लोहाराकडे तलवार देताना तो विचारतो, खडा लावू का? 'हो' म्हटलं आणि घाव चुकला, तर तलवारीच्या जागी खडा फुटतो आणि तलवार आहे तशी राहते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्या राणीला हरवलं होतं. ताईच्या पोतडीत खडा पडला, मी सोफ्यावर उभा राहून नाचलो, आणि तेवढ्यात बाबा आत येऊन म्हणाले, भरूचच्या लोकांचा होकार आलाय.

तेव्हापासून रोज 'उद्या' चालू होतं. आधी साखरपुडा होता. मग साड्यांची खरेदी. मग आमंत्रणं. मग ताई नुसतीच बसून राहायची आणि कुकर शिट्ट्या मारून मारून थांबायचा.

मला एवढंच हवं होतं: दहावी पातळी, दोघांनी मिळून, ती जायच्या आधी. मी तेव्हा अकरावीत होतो आणि मी एक हिशोब मांडला होता. दहा झाली की गेम संपला. गेम संपल्यावर माणूस उठून गेलं, तर त्याला कुणी सोडून गेलं असं म्हणत नाहीत. पण मधेच उठलं तर म्हणतात. हे मी ताईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्यावर विनोद केला असता, आणि तो चांगला असता.

लग्नाच्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयात टीव्ही आला. मावशीने रुखवताच्या मांडवात त्याला मधली जागा दिली होती. एका बाजूला करंज्यांचा किल्ला, दुसऱ्या बाजूला शेवयांची गाय, पुढे सुपारीचे नवरानवरी. आणि मध्ये टीव्हीवर काळोख्या गुहेत, शेकोटीशेजारी, चिलखत घातलेली ताई आणि तिच्या पाठीवर धुमसती तलवार. खाली पुट्ठ्यावर मावशीच्या सुवाच्य अक्षरांत: 'चि. सौ. कां. शर्वरी हिच्या हातची तलवार'.

वायर ज्यूसवाल्याच्या बोर्डातून घेतली होती. माझं काम तिथे उभं राहून कुणी कंट्रोलरला हात लावणार नाही हे बघायचं होतं.

वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला आल्या. त्यांच्यात नवरदेवाची आत्या पुढे होती. तिने करंज्या मोजल्यासारख्या केल्या, गायीकडे बघून मान डोलावली आणि टीव्हीसमोर थांबली.

"हे काय?"

"तलवार," मावशी म्हणाली.

"मुलीला शिवणकाम येत नाही वाटतं."

"मशीनवर कुणीही शिवतं. ही घडवलीय." मावशीचा आवाज चढला. "एका पातळीला महिना महिना लागतो. मधे जरा चुकलं की परत मागे. काय रे धैर्या?"

"पाचच्या पुढे," मी म्हणालो.

"पाचच्या पुढे," मावशी आत्याला म्हणाली.

आत्याने पुन्हा पाहिलं. चिलखतातली ताई मान वळवून इकडेतिकडे बघत होती. गेम सोडून दिला की ती तसं करायची. "बसलीय कुठं ही?"

"शेकोटीजवळ," मी म्हणालो. "तिथे कुणी मारत नाही."

आत्याच्या मागून एक वृद्ध बाई पुढे आल्या. त्यांनी तलवार पाहिली, हात जोडले, आणि कुणी काही म्हणायच्या आत टीव्हीला हळदीकुंकू वाहिलं. ते मी नंतर ओल्या रुमालाने पुसलं. सगळं गेलं नाही. आमच्या टीव्हीवर आकाश दाखवलं की त्यात अजून एक गुलाबी ढग असतो.

अक्षता पडल्या, माळा घातल्या गेल्या. मग होमापाशी गुरुजी ओरडले, "मुलीचा भाऊ कुठाय? लाह्या द्यायच्यात आणि कान पिळायचाय."

मला रुखवतापासून ओढून नेलं. कानपिळीचं मला आईने आदल्या दिवशी पढवून ठेवलं होतं. भावाने नवरदेवाचा उजवा कान पिळायचा, म्हणजे त्याला कळावं की मुलीच्या मागे कुणीतरी आहे. नवरदेव विचारतो, काय हवं? भावाने म्हणायचं, काही नको, ताईला सुखात ठेवा. मग ते पाकीट देतात, भावाने ते घ्यायचं आणि आईकडे द्यायचं.

नवरदेवाचं नाव संग्राम. आयुष्यात कधी कुणाशी भांडला असेल असं त्याच्याकडे बघून वाटत नव्हतं. तो भरूचच्या एका रसायनांच्या कारखान्यात होता, फेटा त्याला मोठा झाला होता आणि धुराने त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने मान माझ्याकडे झुकवली आणि हळूच म्हणाला, "जपून हं."

मी पिळला. जरा जास्तच पिळला. फेटा सरकला.

"आई गं," संग्रामदाजी म्हणाले. "काय हवं साहेब?"

"बुलेट माग!" मागून कुणीतरी ओरडलं.

"अंगठी माग रे, अंगठी!"

आई डोळ्यांनी मला वाक्य आठवून देत होती. मी कान सोडला नाही.

"पाठवणीच्या आधी ताईला थोडा वेळ द्या," मी म्हणालो. "आमचं एक काम राहिलंय."

सगळे हसले. आईने कपाळाला हात लावला. ताई मुंडावळ्यांच्या आतून माझ्याकडे बघत होती आणि ती हसत नव्हती.

"कसलं काम?" दाजींनी विचारलं.

"तलवारीचं."

दाजींनी ताईकडे पाहिलं. ताई खाली मान घालून होमाकडे बघू लागली. "किती वेळ लागेल?" त्यांनी मलाच विचारलं.

"तीन शिट्ट्या."

"दिला," ते म्हणाले.

"अग्नीसमोर बोललात," गुरुजी म्हणाले. "आता मागे घेता येणार नाही. लाह्या घे रे."

जेवणं झाली. मंडपात खुर्च्या वाजायला लागल्या. बाहेर गाडीला फुलं लावत होते. मी रुखवतापाशी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून बसलो होतो. ताई येणार नाही असं मला वाटायला लागलं होतं, तेवढ्यात ती आली. शालू, हिरवा चुडा, कोपरापर्यंत मेंदी. मागोमाग दाजी, त्यांच्या उपरण्याची गाठ तिच्या शेल्याला बांधलेली असल्यामुळे. ताई डावीकडच्या खुर्चीत बसली. दाजी तिच्या मागे उभे राहिले, दुसरीकडे जायची त्यांना सोयच नव्हती.

ताईने कंट्रोलर घेतला. चुडा वाजला. पडद्यावर चिलखतातली ताई शेकोटीपासून उठली.

"पटकन हं," मी म्हणालो.

"चल ना. मला काय घाई आहे," ताई म्हणाली आणि सरळ लोहाराकडे न जाता लांबच्या रस्त्याने निघाली. पुलावरून गेली. विहिरीपाशी थांबली. जिथे आम्ही पहिल्यांदा मेलो होतो त्या झाडाखाली उगाच उभी राहिली. मी मागून चालत होतो. सवयीने मी तिच्यावर एक औषधाची बाटली फेकली.

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"असू दे."

लोहाराच्या दारात आल्यावर मला आठवलं. "ताई, कुकर."

ताईने मान वर केली. आम्ही दोघांनी कार्यालयाच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे भट्ट्या होत्या आणि माणूस बुडेल एवढी पातेली. कुकर एकही नव्हता.

"मग राहू दे," ताई लगेच म्हणाली. "नंतर करू. उद्या..." आणि ती थांबली. कारण उद्या ती भरूचला असणार होती.

"काय झालं?" दाजींनी विचारलं.

मी त्यांना कुकरचं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते कारखान्यात सुरक्षा विभागात होते; त्यांनी ते तसंच ऐकलं, जसं एखाद्या झडपेबद्दल ऐकावं. "तिसऱ्या शिट्टीलाच? दुसऱ्या शिट्टीला कधी करून बघितलं नाही?"

"नाही."

"बरोबर आहे. चालतंय तोवर कशाला बदलायचं." त्यांनी फेटा जरा मागे सारला. "शिट्टीच हवी ना? मी मारतो."

"तुम्हाला येते?" ताईने मान वळवून विचारलं. त्या दोघांचं लग्न ठरल्यापासूनचं बोलणं मी पुष्कळ ऐकलं होतं. हा प्रश्न त्यात पहिल्यांदाच आला असावा.

"कॉलेजात यायची."

त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. मंडपातली माणसं वळली. पलीकडून आत्या ओरडली, "संग्राम! नवरदेव शिट्टी मारतात का?"

"कुकर आहे, आत्या!" दाजींनी सांगितलं.

"पहिली झाली," मी म्हणालो.

त्यांनी दुसरी मारली. खऱ्या कुकरसारखी, आधी फुसफुस आणि मग एकदम. ज्यूसवाला खूष होऊन टाळ्या वाजवायला लागला. मला हसू आवरेना. मी मागे वळून दाजींकडे बघत होतो. त्यांचे गाल फुगले होते, उपरणं ताणलं गेलं होतं आणि एक मुंडावळी त्यांच्या बोटांत अडकली होती. तिसरी शिट्टी आली. ती सगळ्यात लांब होती.

मी वळलो तेव्हा ताईने बटण दाबलं होतं.

लोहाराने पहिला घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला पडदा पांढरा झाला, आणि मग लोहाराच्या ऐरणीवर काळ्या लोखंडाचे तुकडे पडलेले दिसले. त्यांतून निळसर धूर थोडा वेळ निघाला. मग तोही थांबला.

मी तुम्हाला सुरुवातीला सांगितलं होतं. आता झालंय असं समजायला हरकत नाही.

"फुटली," मी म्हणालो.

"हो."

"खडा लावला होतास ना?"

"लावला होता की."

"मग?"

"चालला नाही." तिने कंट्रोलर करंज्यांच्या किल्ल्याशेजारी ठेवला, अगदी हलक्या हाताने. "गेमच तो. त्याचं काय."

"माझी शिट्टी चुकली का?" दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

"नाही हो," ताई म्हणाली. "तुमची शिट्टी चांगली होती." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. काजळ पसरलं. मावशी धावत आली, आई धावत आली, कुणीतरी म्हणालं, पाठवणीची वेळ झाली, आता रडणारच पोरगी. सगळ्यांनी तिला उठवलं. मला तिच्याशी बोलायचं होतं पण मध्ये चार मावश्या आणि एक ओटी होती.

गाडीपाशी तिने मला हुडकून काढलं.

"आता?" मी विचारलं. माझा आवाज चिरका येत होता, तो वयाचा दोष होता.

"आता काय. पहिल्यापासून."

"कोण करणार?"

"आपण. मी आले की." तिने मेंदीच्या हाताने माझा कान धरला आणि पिळला. "एकट्याने लोहाराकडे जायचं नाही. कळलं?"

गाडी गेली. लोक म्हणाले, भाऊ खंबीर आहे, डोळ्यांत टिपूस नाही. मी आत जाऊन टीव्हीच्या वायरी गुंडाळत बसलो. वायरी नीट गुंडाळायला खूप वेळ लागतो. ज्यूसवाल्याने दोनदा विचारलं की मदत करू का, आणि तिसऱ्यांदा काही न विचारता एक ग्लास आणून ठेवला.

त्यानंतर मी बरेच दिवस 'राख' उघडली नाही. ताईवर राग नव्हता. लोहारावर होता. घरात पिठलं व्हायला लागलं होतं आणि माझं पोट एकदम ठणठणीत झालं होतं. आई त्याबद्दल सगळ्यांना सांगत होती.

संक्रांतीच्या सुमारास एका संध्याकाळी मी गेम सुरू केला. लोहाराकडे जायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. पडदा दोन भागांत उघडला. उजवीकडे मी. डावीकडे ताई, लोहाराच्या दारात, रिकाम्या हातांनी, मान इकडेतिकडे वळवत. तिला तिथे उभं बघवेना म्हणून मी दुसरा कंट्रोलर उचलला आणि तिला शेकोटीपाशी नेऊन बसवलं. सहज तिची पोतडी उघडली. एखादं जुनंपानं हत्यार असेल तर तिच्या हातात द्यावं म्हणून.

पोतडीत सगळ्यात वर रक्षाखडा होता.

आख्ख्या गेममध्ये एकच मिळतो. लावला की पोतडीतून जातो. घाव बसो वा चुको, परत येत नाही.

मी ताईला फोन लावला.

"ताई, खडा इथेच आहे."

पलीकडे तिने पंखा बंद केला. मग ती म्हणाली, "हो का?"

"तुझ्या पोतडीत."

"मग नीट ठेव. लागेल."

मागून दाजींचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"धैर्या. खडा सापडला त्याला."

"सापडला का एकदाचा?" दाजी म्हणाले. "मी रोज विचारत होतो."

ताई म्हणाली, "भात झालाय का रे?" मी म्हणालो, "अजून नाही." मग आम्ही तिकडच्या हवेबद्दल बोललो. भरूचला दमट असतं.

फोन ठेवल्यावर मी खड्याकडे बघत बसलो. नऊवरून दहावर जाण्याची शक्यता लोहार स्वतःच सांगतो, शंभरात तीस. उरलेल्या सत्तरात, खडा नसेल तर, सगळं पहिल्यापासून. ताईचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं. ते मला तेव्हाही माहीत होतं, पण गणित असंही करता येतं हे माहीत नव्हतं.

ती आली. दिवाळीला आली, तेव्हा आम्ही नव्या तलवारीला पहिल्या पातळीवर नेलं. आईने न सांगता वरण लावलं. पुढच्या वर्षी आली तेव्हा दुसऱ्या पातळीवर. मग एका वर्षी आलीच नाही. त्यांची बदली आणखी लांब झाली. मग आली ती दोन दिवसांसाठी. तिचा फोन सारखा वाजत होता, तरी तिसरी पातळी झाली. चौथीसाठी आम्ही लोहाराच्या दारात उभे होतो तेव्हा तिची टॅक्सी आली. "उद्या," ती उठता उठता म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो. त्याला आता बराच काळ झाला. मी नोकरीला लागलो, मलाही सुट्टी मिळत नाही. ती फोनवर दर वेळी विचारते, "एकट्याने गेला नाहीस ना?" मी खरं तेच सांगतो. मी गेलेलो नाही.

गेल्या महिन्यात त्या गेमची नवी आवृत्ती आली. चित्रं सुंदर झाली आहेत. लोहाराला दोन्ही डोळे दिलेत. आणि शेकोटीपाशी डावीकडे, जिथे ताई बसायची, तिथे आता संगणकाने चालवलेला एक तरुण योद्धा आपोआप येऊन उभा राहतो. तो न चुकता पुढे जातो, न चुकता मारतो, कधी मरत नाही. मी त्याच्यावर औषधाची बाटली फेकली तर तो इंग्रजीत आभार मानतो. त्याला घालवायची सोय मला कुठेच सापडली नाही. सबब पुढील मजकूर मी त्यांच्या तक्रार विभागाकडे पाठवला आहे. मूळ मराठीत, कारण ताईबद्दल मला दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहिता येत नाही.

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी.

विषय: दुसऱ्या खेळाडूची जागा रिक्त ठेवणेबाबत.

महोदय,

आपल्या नवीन आवृत्तीत दुसरा खेळाडू गैरहजर असल्यास त्याच्या जागी आपला एक कर्मचारी परस्पर नेमला जातो. सदर कर्मचारी कर्तव्यदक्ष व निर्व्यसनी असून त्याच्याविरुद्ध वैयक्तिक तक्रार नाही. तथापि सदर जागेवर एक व्यक्ती पूर्वीपासून नियुक्त आहे. ती तूर्त परगावी असून तिने राजीनामा दिलेला नाही, तसेच तिची जागा रद्द झाल्याचे तिने अगर मी कोठेही मान्य केलेले नाही. तरी ती व्यक्ती हजर होईपर्यंत, मग त्यास कितीही कालावधी लागो, पडद्याचा डावा अर्धा भाग पूर्णपणे रिकामा ठेवण्यात यावा व तेथे कोणासही उभे राहू देऊ नये, ही नम्र विनंती.